पंख मिटला की ब्रेक ओढायचा नसतो

फेब्रुवारी २०२५ मधला तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. पाचगणीत असलेला एक कॉलेजचा पोरगा, घाटातून गाडीने परीक्षेला वेळेत पोचणं अवघड, म्हणून दप्तर घेऊन पॅराग्लायडरने खाली उतरला. आपल्या कोल्हापूरच्या सगळ्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. ‘नाद खुळा’ म्हणून कमेंट पडल्या. खोटं कशाला बोलू, मीही टाकली.

त्याच्या महिनाभर आधी, १८ जानेवारीला, गोव्यात पेडणे तालुक्यातल्या केरीच्या पठारावरून उडालेलं दोघांचं पॅराग्लायडर दरीत कोसळलं. पुण्याहून आलेली एक तरुण पर्यटक आणि चालक, दोघंही गेले. व्यवसाय बेकायदा चालू होता असं पोलिसांनी सांगितलं, गुन्हाही दाखल झाला. आंबोली उतरलं की केरी आपल्याला काही लांब नाही. पण ही बातमी आपल्या ग्रुपवर दोन दिवससुद्धा टिकली नाही.

या विषयावर मी लिहितोय त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी कामशेतच्या बाजूला मी हे उडणं थोडंफार शिकलो. पट्टीचा पायलट वगैरे अजिबात नाही. पण एकदा माझ्या डोक्यावरचा पंख मिटला होता, आणि तेव्हा जे कळलं ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आधी पंख म्हणजे काय ते सांगतो. पॅराग्लायडरला लाकूड, ॲल्युमिनियम, काही सांगाडा नसतो. नुसतं कापड आणि दोऱ्या. उशीचा अभ्रा वाऱ्यात तोंडाकडून धरला की कसा फुगतो, तसे चाळीस-पन्नास कप्पे एकाला एक शिवलेले असतात. पुढून हवा शिरते, कप्पे फुगतात आणि त्या फुगण्यातूनच पंखाला आकार येतो. तुम्ही त्याच्या खाली सात-आठ मीटरवर दोऱ्यांना लटकलेले. दुपारच्या उन्हात तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळत असते, तिच्या कडेला खाली येणारी हवाही असते. अशा ठिकाणी पंखाच्या एका बाजूवर हवा वरून दाबली की ती बाजू दुमडून खाली येते. यालाच कोलॅप्स म्हणतात.

माझी डावी बाजू गेली, निम्मी नसेल पण तिसरा हिस्सा नक्की. कापडाचा फडफडाट ऐकू आला आणि सगळं अंग डावीकडे कलंडलं. माणूस घाबरला की काय करतो? हातात जे असेल ते घट्ट ओढतो. माझ्या हातात ब्रेकच्या दोऱ्या होत्या. मी दोन्ही ओढल्या.

रेडिओवर प्रशिक्षक ओरडले, “हात वर! हात वर! वजन उजवीकडे टाक. उजवीकडेच बघ.”

मी हात वर केले. उजव्या मांडीवर भार दिला. पंख सरळ चालायला लागला आणि माझ्याकडून फार काही न होताच डावी बाजू ‘फट्’ करून उघडली. सगळा प्रकार तीन-चार सेकंदांचा. खाली उतरल्यावर पाय लटलट कापत होते. प्रशिक्षक एवढंच म्हणाले, “पंख सावरत होता, तू त्याला सावरू देत नव्हतास.”

नंतर कळलं की ही सगळी रीत ठरलेली आहे. अर्धा पंख मिटला तर आधी दिशा धरायची, डोंगराकडे वळू द्यायचं नाही. उघड्या बाजूला वजन टाकायचं, लागेल तेवढाच हलका ब्रेक त्या बाजूला द्यायचा. जास्त दिला तर चालू असलेली बाजूही उडायची थांबते आणि मग गाठ गरगर फिरण्याशी असते. दिशा स्थिर झाली की मिटलेल्या बाजूचा ब्रेक लांब, शांत ओढीने खाली घेऊन सोडायचा, कापड उघडतं. समोरची पूर्ण कड मिटली तर हात वर, उघडण्याची वाट बघायची, आणि उघडल्यावर पंख पुढे झेपावला तर तेव्हा तो ब्रेकने आवरायचा. यातलं काहीच जमत नसेल, पंख गरगर फिरत असेल किंवा उंची कमी असेल, तर वेळ न घालवता राखीव छत्री फेकायची. हे वाचून कुणी उडायला जाऊ नका. ही गोष्ट हाताला शिकवावी लागते, डोक्याला कळून उपयोग नाही.

आता मुद्दा इतिहासाचा. ही रीत कुणाला एका रात्रीत सुचलेली नाही.

अमेरिकेत डॉमिना जाल्बर्ट नावाचा पतंग बनवणारा माणूस होता. १९६० च्या दशकात त्याने हे कप्प्यांचं, हवेने फुगणारं कापड तयार केलं. त्याच दशकात डेव्हिड बॅरिश स्वतः बनवलेला कापडी पंख घेऊन डोंगरउतारावरून तरंगत उतरला. पण फार कुणी लक्ष दिलं नाही. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या मियूसी गावात तीन पॅराशूटवाल्यांनी विचार केला, उडी मारायला दर वेळी विमानाचं भाडं कशाला? डोंगरावरूनच पळत सुटू. बेतांप, बॉन आणि बोसों ही त्यांची आडनावं. पैसे वाचवायची ही युक्ती पुढे युरोपभर पसरली. १९८९ मध्ये ऑस्ट्रियात कोसेनला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धाही झाली.

त्या दहा-बारा वर्षांत पंख बदलत गेले. लांब गेलं पाहिजे, जास्त तरंगलं पाहिजे म्हणून ते अरुंद आणि लांबुळके झाले. जेवढा पंख लांबुळका, तेवढा तो मिटला की सावरायला अवघड. माणसं मेली. तिथेही आधी ‘वाराच वाईट होता’, ‘त्याचीच चूक’ अशी बोलणी झालीच असणार, माणूस सगळीकडे सारखाच. पण त्यांनी पुढे एक काम केलं. पंख विकायच्या आधी तो मुद्दाम मिटवून बघायचा.

चाचणी घेणारा पायलट पाण्यावर, भरपूर उंचीवर जातो. दोऱ्या खेचून पंखाची एक बाजू पाडतो आणि हात सोडून गप्प बसतो. पंख स्वतःहून उघडला का? किती सेकंदात? तोवर किती अंश वळला? सगळं चित्रित होतं, मोजलं जातं. युरोपीय मानक ईएन ९२६ मध्ये यावरून पंखाला ए, बी, सी, डी असा वर्ग मिळतो. ए म्हणजे शिकाऊ माणूस घाबरून काहीच करू शकला नाही तरी पंख बहुधा आपला आपण सावरेल. डी म्हणजे फक्त मुरलेल्यांचं काम. पायलटसाठीही तसाच वर्ग निघाला. तळ्यावर, खाली बोट तयार ठेवून, अंगात लाइफ जॅकेट घालून, पंख मुद्दाम मिटवायचा आणि सावरायचा सराव करायचा.

पंख आपला आपण सावरतो याचा पुरावा हवा असेल तर २००७ ची गोष्ट बघा. ऑस्ट्रेलियात मॅनिला गावाजवळ सरावाला निघालेल्या जर्मनीच्या एव्हा विझ्निएर्स्का हिला वादळी ढगाने वर ओढून नेलं. उंची ९,९४६ मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर. प्राणवायू कमी, अंगावर बर्फ. चाळीसेक मिनिटं ती बेशुद्ध होती. दोऱ्या धरायला कुणी नसताना पंख उडत राहिला, ती शुद्धीवर आली आणि उतरली. त्याच ढगात सापडलेला चीनचा एक पायलट मात्र वाचला नाही. पंख कितीही चांगला असला तरी ढगाशी बरोबरी नाही, हेही त्याच दिवशी दिसलं.

आणखी एक साल लक्षात ठेवा, २०११. स्पेनमध्ये पिएद्राहिता इथे जागतिक स्पर्धेत दोन पायलट गेले. स्पर्धेसाठीचे वेगवान पंख तेव्हा या चाचण्यांतून न जाता वापरता यायचे. स्पर्धा थांबवली गेली आणि त्या वर्गाच्या पंखांवर बंदी आली. सगळ्या उडण्यावर नाही, फक्त त्या पंखांवर. पुढे नवे नियम, नव्या चाचण्या ठरवून स्पर्धेचा वेगळा वर्ग पुन्हा तयार केला. बंदी कशावर, कशासाठी आणि काय झाल्यावर उठणार, हे स्पष्ट होतं.

आता आपल्याकडे या. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातला एक तरुण हिमाचलमध्ये कुलूजवळ डोभीला उड्डाणात खाली पडून गेला. त्याच वर्षी जानेवारीत बीड बिलिंगला एका लहान मुलाचा मृत्यू झाल्यावर तिथल्या उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं, साधनांची आणि परवान्यांची तपासणी करायला सांगावं लागलं. हिमाचलमध्ये तर २००४ पासून हवाई खेळांचे लिखित नियम आहेत. तिथे ही अवस्था, तर बाकीच्यांचं काय? त्यानंतर २०२५ ची केरी.

आपलं गणित ठरलेलं आहे. अपघात होतो. दुसऱ्या दिवशी बंदी. आठवडाभर चौकशी, एखादी अटक. सिझन आला की सगळं पुन्हा चालू, त्याच माणसांचं, त्याच सामानावर. प्रशासन नेमकं तेच करतं जे मी त्या दिवशी हवेत केलं. पंख मिटला की घाबरून दोन्ही ब्रेक ओढायचे, आणि भीती गेली की सगळं सोडून द्यायचं. पंख का मिटला, दोरी का तुटली, पट्टा का सुटला हे कुणी लिहून ठेवत नाही. आपल्या हातात राहतं ते बातमीचं कात्रण.

आपल्या राज्यात कागदच नाही असंही नाही. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने २०१८ मध्ये साहसी पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ चं आहे. जमीन, पाणी आणि हवा, तिन्ही प्रकार त्यात आहेत आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची तरतूद आहे. म्हणजे कायद्याचा अभ्रा शिवून तयार आहे. त्यात हवा भरायचं काम तालुका आणि जिल्हा पातळीवरचं.

हे मी कोल्हापूरकरांना का सांगतोय? मसाई पठार, पन्हाळा, गगनबावडा. डोंगर आपल्याकडे आहेत, वारा आहे आणि सुट्टीला येणारी गर्दीही आहे. आज ना उद्या कुणीतरी इथे पंख आणि तिकिटाचा गल्ला घेऊन उभा राहणारच. राहू दे. पोरांना काम मिळेल, चांगलंच आहे. मी बंदीच्या बाजूचा नाही. पण पहिलं तिकीट फाटायच्या आधी तीन गोष्टी व्हाव्यात. नोंदणीचा दाखला उड्डाणाच्या जागेवर, मराठीत, सगळ्यांना दिसेल असा लावलेला असावा. वाऱ्याची मर्यादा ठरवून ती ओलांडली की उड्डाण बंद करायचा अधिकार तिकीट विकणाऱ्याकडे नको, दुसऱ्या कुणाकडे असावा. आणि कोणताही अपघात, अगदी नुसता पाय मुरगळला तरी, त्याचा तांत्रिक अहवाल जाहीर व्हावा.

आणि तुम्ही स्वतः कुठेही उडायला गेलात तर लाजू नका, विचारा. नोंदणी आहे का? चालकाला दोघांच्या उड्डाणाचा परवाना आहे का? पंखाचा वर्ग कोणता, वय किती? राखीव छत्री आहे का आणि ती शेवटची उघडून पुन्हा घडी कधी घातली? विमा आहे का? शेवटी मांडीचे दोन्ही पट्टे स्वतः हाताने ओढून बघा. दोघांच्या उड्डाणात मागे बसलेल्याच्या हातात सगळं असतं, तुमच्या हातात काही नसतं. तुमचं सावरणं जमिनीवर असतानाच, या प्रश्नांत. उत्तर देताना समोरचा चिडला तर पैसे परत घ्या आणि मिसळ खाऊन घरी या.

आपण तालमीच्या गावातली माणसं. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेचा अभिमान सांगतो. कुठल्याही तालमीत जाऊन बघा, नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही. आधी आखाड्याची माती उकरून मऊ करायला लावतो आणि मग पडायचं कसं ते शिकवतो. कारण पोरगा पडणार हे त्याला ठाऊक असतं.

वरचे प्रश्न पटले तर तुमच्या ओळखीत कुणी सुट्टीला पाचगणी, गोवा, मनालीला निघालं असेल त्याला पाठवा. आणि आपल्या जिल्ह्यात असं काही सुरू झालेलं दिसलं तर खाली लिहा, आपण मिळून दाखला बघायला जाऊ.