पायपर अल्फा : जागेवर नसलेली झडप आणि १६७ बळी

१/ ६ जुलै १९८८ची रात्र. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन बंदरापासून सुमारे १९० किलोमीटर ईशान्येस, उत्तर समुद्रात उभ्या असलेल्या ‘पायपर अल्फा’ या तेलवायू प्लॅटफॉर्मवर २२६ माणसे होती. त्यांपैकी १६५ जण आणि बचावासाठी आलेल्या बोटीवरील २ खलाशी असे १६७ जण या दुर्घटनेत मरण पावले. सागरी तेलउद्योगाच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण दुर्घटना. तिच्या मुळाशी काही झडपांची कथा आहे.

२/ पायपरवर १९७६च्या अखेरीस तेलाचे उत्पादन सुरू झाले. मूळ आराखडा तेलासाठीच होता. पुढे वायूवर प्रक्रिया करणारी यंत्रणा बसवली गेली आणि ती नियंत्रण कक्षाच्या निकट आली. मधल्या भिंती आग रोखण्यासाठी बांधलेल्या होत्या; स्फोटाचा धक्का सोसण्यासाठी नव्हत्या. टार्टन आणि क्लेमोर हे शेजारचे प्लॅटफॉर्मही समुद्रतळावरील पाइपलाइनींनी पायपरशी जोडलेले होते.

३/ त्या दिवशी कंडेन्सेट, म्हणजे वायूतून निघणारे हलके द्रव इंधन, पुढे ढकलणाऱ्या दोन पंपांपैकी ‘अ’ पंप बंद होता. त्याची दाबमोचक झडप तपासणीसाठी काढलेली होती. दाब मर्यादेबाहेर गेला की आपोआप उघडून यंत्र वाचवणारी ही झडप. संध्याकाळपर्यंत ती परत बसली नाही. तिच्या जागी पाइपाच्या तोंडावर एक आंधळी फ्लँज, म्हणजे लोखंडी तबकडी, लावली गेली. पण ती वायू अडवण्याइतकी घट्ट नव्हती.

४/ पंपाच्या दुरुस्तीचा परवाना एक आणि झडपेच्या तपासणीचा परवाना दुसरा. दोन्ही कागद एकत्र ठेवलेले नव्हते. पाळी बदलताना झडप काढलेली आहे, ही गोष्ट रात्रीच्या माणसांपर्यंत पोहोचलीच नाही.

५/ रात्री पावणेदहाच्या सुमारास ‘ब’ पंप बंद पडला आणि पुन्हा सुरू होईना. कंडेन्सेट पुढे गेले नाही, तर वायूची प्रक्रिया आणि तिच्यावर चालणारी वीज, दोन्ही थांबणार होती. कर्मचाऱ्यांनी कागद पाहिले. ‘अ’ पंपाची मोठी दुरुस्ती सुरूच झाली नव्हती, म्हणून तो चालवता येईल असे त्यांना वाटले. पंप सुरू झाला, सैल फ्लँजमधून वायू सुटला आणि रात्री १० वाजता पहिला स्फोट झाला.

६/ नियंत्रण कक्ष उद्ध्वस्त झाला. समुद्राचे पाणी खेचणारे अग्निशमन पंप हाताने सुरू करावे लागतील अशा स्थितीत ठेवलेले होते, कारण पाण्यात पाणबुडे काम करत असत आणि ते पंपाच्या तोंडाशी ओढले जाण्याची भीती होती. आता त्या पंपांपर्यंत कोणालाच जाता येईना. टार्टन आणि क्लेमोरवरून उत्पादन मात्र चालूच राहिले. स्वतःहून ते थांबवण्याचा निर्णय तेथे वेळेवर झाला नाही.

७/ १० वाजून २० मिनिटांनी टार्टनकडून येणारा वायूचा उभा पाइप फुटला. असे पाइप तोडण्यासाठी आपत्कालीन बंद झडपा होत्या. पण त्या वर, प्लॅटफॉर्मवर होत्या. झडप आणि समुद्र यांच्यामधला पाइप आगीत उघडाच होता आणि त्याच्या मागे कित्येक किलोमीटर लांबीच्या पाइपलाइनीत प्रचंड दाबाखालचा वायू साठलेला होता. पाइप झडपेच्या खाली फुटला, तर वरची झडप बंद असून उपयोग काय? पुढच्या तासाभरात इतर वायूचे पाइपही फुटले. निवासकक्षात आदेशाची वाट पाहत थांबलेले बहुतेक जण धुराने गेले. जे ६१ वाचले त्यांतील अनेकांनी स्वतःच्या निर्णयाने समुद्र गाठला होता.

८/ लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल नोव्हेंबर १९९०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सर्व १०६ शिफारशी स्वीकारल्या गेल्या. आपत्कालीन पाइपलाइन झडपांविषयीचा ब्रिटिश नियम तर त्याआधीच, १९८९मध्ये आला होता. झडप समुद्राच्या शक्य तितकी जवळ हवी, ती आगीपासून सुरक्षित हवी आणि तिची वेळोवेळी चाचणी व्हावी, ही त्यामागची दृष्टी.

९/ चाचणी कशासाठी? बंद झडप वर्षानुवर्षे उघडीच असते. गंज, मेण, वाळू यांमुळे ती जागच्या जागी जखडू शकते आणि हे बाहेरून दिसत नाही. म्हणून ती थोडीशी फिरवून पुन्हा उघडतात. उत्पादन न थांबवता एवढे कळते की ती हलते आहे. पूर्ण बंद होते का, किती सेकंदांत होते आणि बंद झाल्यावर पलीकडे दाब चढतो का, हे मात्र नियोजित बंद काळातच तपासता येते. चाचणी सुरू असल्याची नोंद परवान्यावर आणि पाळी घेणाऱ्याच्या कानावर, दोन्हीकडे हवी. पायपरवर उणीव नेमकी तिथेच होती.

१०/ हा धडा महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही ओळखीचा आहे. मुंबई महापुरात बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलै २००५ रोजी, मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मच्या उभ्या वायुपाइपाला एक सहायक जहाज धडकले. वायूने पेट घेतला, सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला आणि २२ जणांचा बळी गेला.

११/ पायपरचे उरलेसुरले अवशेष मार्च १९८९मध्ये समुद्रात पाडण्यात आले. ॲबर्डीनच्या हेझलहेड उद्यानात मृतांचे स्मारक आहे. आज एखाद्या प्लॅटफॉर्मवर पाळी संपवणारा कामगार पुढच्या माणसाला घेऊन झडपेपर्यंत चालत जातो आणि तिची स्थिती प्रत्यक्ष दाखवतो. त्या दहा मिनिटांच्या चालण्यामागे १६७ माणसांचा इतिहास आहे.