काठ (पखवाजाचा)

पखवाजाच्या लाकडी खोडाच्या तोंडाची, कातडी पुडी जिच्यावर टेकते ती कड. पखवाजाला मृदंगही म्हणतात; ‘मृद्’ म्हणजे माती. जुन्या मृदंगाचे खोड मातीचे असल्याचे नावच सांगते (पहा : मृदंग). शिसव, खैर आदी लाकडाचे खोड कोरल्यावर काठ घासून एका पातळीत आणतात; फरशीवर उपडे ठेवले असता फट दिसता कामा नये. धारदार काठ कातडे कापतो, फार रुंद काठ कंप दाबतो. म्हणून धार किंचित गोलावतात. पाश्चात्त्य स्नेअर ड्रमला, प्लॅस्टिकच्या पडद्यामुळे, ४५ अंशांची टोकदार कड चालते. पुडी ताणणाऱ्या वादीचा (चामडी पट्टीचा) ताण काठावरच येत असल्याने काठ खोलगट असेल तेथे सूर उतरतो. वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकूनही सूर पुरता जुळत नाही.