खेळ कोणाचा? खेळणाऱ्याचा की सांगणाऱ्याचा?

मराठीत 'खेळ' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. मुलं मैदानात खेळतात तो खेळ, आणि थिएटरात लागतो तो नाटकाचा खेळ. पहिल्यात पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसतं. दुसऱ्यात संहिता आधीच ठरलेली असते, आपण तिकीट काढून बसायचं. व्हिडिओ गेममध्ये हे दोन्ही खेळ एकाच पडद्यावर आले आणि त्यांचं भांडण जुंपलं. आज आपण त्या भांडणाचा इतिहास बघणार आहोत.

सुरुवात एका वर्षाच्या अंतराने आलेल्या दोन गेमपासून करू. १९८३ साली अमेरिकेतल्या आर्केडमध्ये 'ड्रॅगन्स लेअर' आला. डिस्ने सोडून बाहेर पडलेल्या डॉन ब्लूथ यांचं अ‍ॅनिमेशन लेझरडिस्कवर साठवलेलं होतं. त्या काळच्या ठोकळेबाज चित्रांपुढे हा गेम म्हणजे चक्क सिनेमा वाटायचा. इतर यंत्रांत साधारण २५ सेंटचं नाणं चालायचं, इथे ५० सेंट पडत, तरी लोक गर्दी करत. पण खेळणाऱ्याच्या हातात काय होतं? नेमक्या क्षणी योग्य दिशेला दांडा ढकलायचा किंवा तलवारीचं बटण दाबायचं. चुकलात की मेलात. गोष्ट देखणी होती, पण तिच्यात आपलं असं काही नव्हतं.

पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या संगणकासाठी 'एलीट' केला. या संगणकाची स्मृती होती अवघी ३२ किलोबाइट. त्यात ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह! हे बसवलं कसं? त्यांनी ग्रह साठवलेच नाहीत. मोजक्या आकड्यांवरून गणिताच्या नियमाने ग्रहाचं नाव, सरकार, बाजारभाव हे सगळं लागेल तेव्हा तयार व्हायचं. तुम्ही व्यापार करा, चाचेगिरी करा, नाहीतर चाच्यांना मारून बक्षीस मिळवा. ठरलेला शेवट नाही, आर्केडसारखे तीन जीवही नाहीत. एका प्रकाशकाने तर तो नाकारलाही होता.

आता इथे थोडा हिशेब मांडू, कारण भांडणाचं मूळ इथेच आहे. गोष्टीत खेळणाऱ्याला फक्त दहा वेळा 'हे की ते' असं विचारलं आणि प्रत्येक उत्तराने गोष्ट खरोखर वेगळी वळली, तर शेवट होतात १,०२४. प्रत्येक शेवट लिहायचा, रंगवायचा, नटांकडून बोलून घ्यायचा म्हटलं तर कोणाचंही दिवाळं निघेल. 'एलीट'चा मार्ग स्वस्त होता, पण नियमातून ग्रह निघाले तरी मनात घर करणारी पात्रं निघाली नाहीत. म्हणून गोष्ट सांगणाऱ्यांनी मधला रस्ता काढला: फाटे फोडायचे आणि थोडं पुढे जाऊन ते परत एकत्र आणायचे.

१९९८ च्या 'हाफ-लाइफ'ने हा रस्ता फार हुशारीने झाकला. सुरुवातीला तुम्ही प्रयोगशाळेत जाणाऱ्या एका डब्यात उभे असता. हवं तिकडे बघा, डब्यात फिरा. फक्त डब्यातून उतरता येत नाही आणि रूळ बदलत नाहीत. संपूर्ण गेममध्ये कॅमेरा नायकाच्या डोळ्यांतून बाहेर पडत नाही, त्यामुळे सगळं आपणच करतोय असं वाटत राहतं. संहिता ठरलेलीच होती, ती फक्त नजरेआड गेली.

२००७ च्या 'बायोशॉक'ने हेच झाकण उघडलं. समुद्रतळाशी उद्ध्वस्त झालेल्या शहरात रेडिओवरचा एक आवाज आपल्याला कामं सांगतो, सभ्यपणे, तोच एक विनंतीचा शब्दप्रयोग वापरून. आपण ती करत जातो. ऐन मोक्याच्या प्रसंगी उलगडतं की तो शब्दप्रयोग म्हणजे नायकाच्या मनात रुजवलेला हुकूम होता. आणि त्याच क्षणी गेम नियंत्रण काढून घेतो. आपले हात एका माणसाला ठार करतात आणि आपण नुसते बघत राहतो. त्याच वर्षी क्लिंट हॉकिंग या गेम-रचनाकाराने यावर एक नेमका आक्षेप घेतला: शहरातल्या छोट्या मुलींना वाचवायचं की त्यांचा बळी देऊन स्वतःची ताकद वाढवायची, हे नियम तुमच्यावर सोडतात, पण त्या आवाजाला मदत करायची की नाही, हे मात्र गोष्ट विचारतच नाही. नियम एक सांगतात, गोष्ट दुसरंच. या विसंगतीला त्याने दिलेलं नाव, 'लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स', आजही अभ्यासात वापरलं जातं.

२०१२ मध्ये हे भांडण चव्हाट्यावर आलं. 'मास इफेक्ट' मालिकेत एका भागातले निर्णय पुढच्या भागात जपले जात. तुम्ही वाचवलेला साथीदार पुढे भेटायचा, गमावलेला भेटायचा नाही. २००७ पासून लोकांनी हे निर्णय सांभाळले. तिसऱ्या भागाच्या शेवटी त्यांच्यापुढे आले मोजकेच पर्याय आणि बरेचसे सारखे दिसणारे शेवट. इतका गदारोळ झाला की कंपनीला काही महिन्यांत वाढवलेला शेवट मोफत द्यावा लागला. मघाचा हिशेब आठवा. फाटे कुठेतरी परत आणावेच लागतात, फक्त इथे ते लोकांच्या डोळ्यांदेखत आणले गेले.

मग स्वातंत्र्य म्हणजे नुसता भास का? आम्हाला तसं वाटत नाही. पुस्तकातला खुनी वाचून आपण हळहळतो. पण गेममध्ये बटण दाबणारं बोट आपलं असतं, म्हणून तिथे अपराधीपणा वाटू शकतो, पश्चात्ताप होऊ शकतो. ही भावना कादंबरी किंवा सिनेमात सहसा येत नाही. ती यायची तर निवड खरी असावी लागते, मग ती लहान का असेना. रचनाकाराने भिंत घालावी, त्याला इलाज नाही. पण भिंतीवर दार रंगवून ते उघडतं असं सांगू नये. प्रेक्षक 'मास इफेक्ट'वर चिडले ते शेवट दुःखद होता म्हणून नव्हे, तर दिलेला शब्द मोडला असं त्यांना वाटलं म्हणून.

पुढच्या व्याख्यानात 'एलीट'चा धागा धरून नियमांतून जग उभं करणाऱ्या गेमकडे वळू. तोवर एक करून बघा: तुमच्या आवडत्या गेममध्ये भिंत नेमकी कुठे आहे, ते शोधा. तुमची उत्तरं आपण पुढच्या वेळी चर्चेला घेऊ.