मुद्रा खरी, अधिकार गत : संगणकाच्या प्रारंभ-पडताळणीचा इतिहास

धाराशिव (2023 पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील इनामांची दप्तरे ज्यांनी चाळली आहेत त्यांस 'मुंतखब' हा शब्द परिचित आहे. निजामी अमलात जुन्या सनदांची चौकशी होऊन इनाम कोणाचे, कोणत्या जमिनीचे व कोणत्या शर्तींवर, याविषयी जो निर्णय होई त्याचा हा उतारा होय. पुढील वारसाचौकशीस आधार त्याचाच. 1952 च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्यानेही ही परंपरा मानली. परंतु 1954 च्या इनाम-निर्मूलन कायद्याने, धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे वगळता, बहुतेक इनामे संपुष्टात आली. इनामदाराच्या पेटीतील कागद मात्र तसाच राहिला. त्यावरील शिक्का अस्सलच होता. अधिकार तेवढा गेला होता.

अस्सलपणा आणि चालू अधिकार यांतील हा भेद संगणकशास्त्राच्या एका शाखेस फार उशिरा उमगला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आज याच जिल्ह्यातील सातबाराचा उतारा संगणकीय स्वाक्षरीने मिळतो व 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा स्वाक्षरीस मान्यता दिली आहे. पण ती स्वाक्षरी तपासतो तोही संगणकच. तो सुरू होतानाच परक्याच्या ताब्यात गेला असेल, तर त्याच्या निर्वाळ्याची किंमत काय?

ही शंका काल्पनिक नाही. 1986 मध्ये लाहोरहून पसरलेला 'ब्रेन' हा विषाणू चकतीच्या आरंभखंडातच ठाण मांडून बसत असे, म्हणजे इतर कोणताही कार्यक्रम जागा होण्यापूर्वी. 1997 मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील आर्बो, फार्बर व स्मिथ यांनी 'एजिस' ही रचना मांडली. प्रत्येक पायरीने पुढच्या पायरीची स्वाक्षरी तपासावी व ती जुळली तरच सूत्रे हाती द्यावीत, हे तिचे तत्त्व. पहिली पायरी मात्र कोणी तपासत नाही. ती गृहीतच धरावी लागते. आमच्या दप्तरांतही चौकशी-अधिकाऱ्याची चौकशी कोणी करीत नसे.

2011 मध्ये 'यूईएफआय' या मानकाच्या 2.3.1 आवृत्तीने हे तत्त्व घरगुती यंत्रांपर्यंत आणले आणि 2012 च्या 'विंडोज 8' ने ते रूढ केले. मुख्य फलकावरील मूळ आज्ञावली बूटलोडर वाचते, त्याचा गणिती ठसा काढते आणि आपल्याजवळील दोन याद्या पाहते : एक मान्य स्वाक्षऱ्यांची, दुसरी निषिद्धांची. निषिद्ध यादीचा निर्णय वरचढ असतो. बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टचीच किल्ली मान्य असल्याने लिनक्सच्या मंडळींनी 'शिम' नावाचा छोटा मध्यस्थ तिच्या स्वाक्षरीने घेतला व त्यामागून आपला बूटलोडर चालविला. या सोयीत एकाच संस्थेकडे किती सत्ता एकवटली, हा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे.

खरी अडचण निषिद्ध यादीत निघाली. 2020 च्या जुलैत 'बूटहोल' हा दोष उघड झाला. 'ग्रब' हा बूटलोडर स्वाक्षरीयुक्त व अस्सल होता. पण तो जी मांडणीची फाइल वाचे तिला स्वाक्षरीच नव्हती, आणि ती वाचताना होणाऱ्या चुकीतून परक्याची आज्ञा आत शिरू शके. शृंखलेची प्रत्येक कडी तपासूनही घर उघडे! दोषयुक्त प्रती निषिद्ध कराव्यात तर त्यांची संख्या मोठी. तीन प्रमाणपत्रे व सुमारे 150 ठसे नोंदविताच, एकूण 32 किलोबाइटच्या जागेपैकी सुमारे 10 किलोबाइट खर्ची पडले.

2023 च्या मार्चमध्ये ज्याचे विश्लेषण प्रसिद्ध झाले त्या 'ब्लॅकलोटस'ची कथा अधिक बोलकी आहे. विंडोजच्या प्रारंभ-कार्यक्रमातील एक दोष 2022 च्या जानेवारीतच दुरुस्त झाला होता. जुन्या, सदोष प्रती मात्र निषिद्ध यादीत गेल्या नव्हत्या. आक्रमकाने बनावट काहीच केले नाही. त्याने जुनी, खऱ्या सहीची प्रत बरोबर आणली व यंत्राने तिला दार उघडले. त्या प्रती तत्काळ निषिद्ध कराव्यात तर लोकांजवळील जुन्या दुरुस्ती-चकत्या निरुपयोगी होतात. ही भीतीही अनाठायी नव्हती.

तोवर लिनक्सच्या बाजूस 2021 पासून 'एसबॅट' ही युक्ती आली होती. तीनुसार प्रत्येक घटक आपली पिढी अंकाने सांगतो आणि ठरविलेल्या अंकाखालील साऱ्या प्रती एकाच नोंदीने बाद होतात. एकेका प्रतीचा ठसा लिहीत बसावे लागत नाही. 1954 च्या कायद्यानेही एकेक सनद शोधून फाडली नव्हती. त्याने इनामांचे वर्ग सांगितले व त्या वर्गांतील सारे कागद, ते कोणाच्या पेटीत आहेत हे न विचारता, निष्प्रभ केले.