डिव्हायडिंग हेड

(विभाजन शीर्ष, इंडेक्सिंग हेड). गोल जॉबचा परीघ हव्या तितक्या समान भागांत विभागण्यासाठी मिलिंग यंत्राच्या टेबलावर बसवायचे साधन. गिअरचे दात, रीमरच्या खाचा, बोल्टची षटकोनी डोकी कापताना ते लागते. जोसेफ ब्राउन यांच्या 1862 च्या युनिव्हर्सल मिलिंग यंत्रावर असे हेड होते. अमेरिकेत तोवर ट्विस्ट ड्रिलच्या पीळदार खाचा कारागीर कानशीने घासून काढत; ते काम हे यंत्र करू लागले.

हेडच्या पोटात एकपदरी वर्म आणि 40 दातांचे वर्म व्हील असते. वर्मच्या हँडलाचे 40 फेरे झाले की स्पिंडलचा एक फेरा होतो. म्हणून दर भागाला फेरे किती, हे 40 ला भागांच्या संख्येने भागून मिळते. 28 दातांच्या गिअरला एक पूर्ण आणि तीन सप्तमांश फेरा येतो. हा सप्तमांश अंदाजाने साधत नाही. त्यासाठी इंडेक्स प्लेट. तिच्यावरचे 7 ने भाग जाणारे, समजा 21 छिद्रांचे, वर्तुळ निवडायचे आणि एक फेरा व वर 9 छिद्रे जायचे. ब्राउन अँड शार्प पद्धतीत तीन प्लेट असतात; त्यांवरच्या वर्तुळांतली छिद्रे अशी : 15 ते 20; 21, 23, 27, 29, 31, 33; आणि 37, 39, 41, 43, 47, 49.

या रचनेचे खरे मोल वेगळेच आहे. प्लेटवरचे छिद्र किंचित सरकलेले असले, तरी ती चूक जॉबवर चाळिसाव्या हिश्श्यानेच उतरते. वर्म व्हीलच्या दातांतली चूक मात्र अशी घटत नाही. जुने हेड घेताना प्लेटपेक्षा वर्म व्हील आधी तपासावे.

शिकाऊ हात बहुधा मोजणीत चुकतो. हँडलाची पिन बसलेले छिद्र मोजायचे नसते. 9 छिद्रे पुढे जायचे, तर सेक्टरच्या (प्लेटवर मोजणीची खूण धरणाऱ्या भागाच्या) दोन बाहूंमध्ये 10 छिद्रे दिसली पाहिजेत. हँडल पुढे गेले, तर तेवढेच मागे आणून पिन लावू नये. चांगले अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा नेहमीच्या दिशेने यावे, नाहीतर बॅकलॅश (वर्म आणि वर्म व्हील यांतली ढिलाई) दातात उतरतो. कटर लावण्याआधी स्पिंडल घट्ट करावा.

127 सारख्या मूळ संख्येला यांतले कुठलेच वर्तुळ चालत नाही. तेव्हा 120 भागांचे माप धरून 15 च्या वर्तुळावर 5 छिद्रे जातात आणि स्पिंडलला 56 व 24 दातांच्या गिअरांनी जोडलेली प्लेट हँडलाच्या उलट फिरून उरलेला फरक भरून काढते. हे डिफरन्शियल इंडेक्सिंग. एक इंच म्हणजे 25.4 मिमी, म्हणजे पाच इंच 127 मिमी; म्हणून इंची लीड स्क्रूच्या लेथवर अचूक मेट्रिक आटे पाडायला असा 127 दातांचा गिअर लावतात.