शेळ्या राखणारी पंतप्रधान

आमच्या शाळेत दरसाल मंत्रिमंडळ निवडले जाते. चिठ्ठ्या पडतात, टाळ्या होतात, आरोग्यमंत्री मुलांची नखे तपासतो, स्वच्छतामंत्र्याच्या हाती केरसुणी येते. पुढे वर्षभर या मंत्र्यांचे काम एकच. रांगा लावायच्या आणि दंगेखोरांची नावे फळ्यावर लिहायची! मंत्री मुलांचे, राज्य मात्र आमचेच.

एके वर्षी पाचवीतला पाणीमंत्री मला म्हणाला, "गुरुजी, नळ फार उंच आहे. पहिलीच्या पोरांचा हात पुरत नाही." मी म्हटले, "बघू." ते 'बघू' पुढे कित्येक महिने 'बघू'च राहिले.

म्हणूनच तिलोनियाची हकीकत प्रथम वाचली, तेव्हा कोणी आपलाच कान पिळावा तसे वाटले.

तिलोनिया हे राजस्थानातील अजमेर जिल्ह्यातले गाव. १९७२ साली बंकर रॉय यांनी तेथे ग्रामसेवेची संस्था काढली. 'बेअरफूट कॉलेज' म्हणून ती पुढे जगभर गाजली. त्या कोरड्या मुलखात घरच्या शेळ्या-गुरे राखणे पोरांच्याच गळ्यात, त्यातही मुलींच्या अधिक. मग दिवसा शाळेत जायचे कोणी? तेव्हा १९७५ पासून संस्थेने शाळाच रात्री भरवायला सुरुवात केली. पुढे तेथे सूर्याच्या उन्हावर चालणारे कंदील आले.

शाळा रात्रीची, तेथे तपासनीस कोठून येणार? यावर १९९३ साली उपाय निघाला तो मोठा धिटाईचा. रात्रशाळांतल्या मुलांनी आपली संसदच निवडावी! अगदी मोठ्यांच्या निवडणुकीसारखा थाट. उमेदवार, प्रचार, मतपत्रिका, मोजणी, आणि मग पंतप्रधान व त्याचे मंत्रिमंडळ. परंतु येथे मंत्र्यांच्या हाती केरसुणी नव्हती. गुरुजी वेळेवर येतात का, दिवा लागतो का, हातपंपाला पाणी आहे का, हे त्यांनी पाहायचे. उणे दिसेल ते मोठ्यांपुढे मांडायचे आणि मोठ्यांनी त्याची दखल घ्यायची. सकाळी शेळ्यांमागे धावणारी पोर रात्री गुरुजींची हजेरी घेऊ लागली!

२००१ साली या बालसंसदेचा स्वीडनमध्ये गौरव झाला. रॉय यांनी सांगितलेली त्या वेळची एक आठवण मोठी गोड आहे. बारा वर्षांची पंतप्रधान गाव सोडून प्रथमच बाहेर पडली होती. पण तेथल्या थाटाने ती मुळीच दिपली नाही. राणीसाहेबांना नवल वाटले. एवढा धीर या मुलीत आला कोठून, असे त्यांनी विचारले. मुलीने त्यांच्याकडे सरळ पाहिले आणि निरोप दिला : त्यांना सांगा, मी पंतप्रधान आहे.

ही कल्पना एकट्या तिलोनियाची नव्हे. फ्रान्समधील शिल्टिगहाइम या गावाने १९७९ साली, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, मुलांची नगरसभा निवडली आणि पुढे त्या देशातील अनेक गावांनी तो कित्ता गिरवला. १९८९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांचा करार केला. त्याचे बारावे कलम सांगते, की मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांना आपले मत मांडता आले पाहिजे, आणि त्यांचे वय व समज पाहून त्या मताला वजन दिले पाहिजे. भारताने हा करार १९९२ साली मान्य केला.

येथे 'मुलांचेच खरे माना' असे म्हटलेले नाही. मुलांचे ऐका आणि ते तोलून पाहा, एवढेच मागणे आहे. पण तेवढेच आम्हांला जड जाते! खुर्चीवरून नळाची उंची दिसत नाही. ज्याचा हात पुरत नाही त्यालाच ती कळते. निवडणूक घेणे सोपे, निवडलेल्याचे ऐकणे अवघड.

ती हकीकत वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावले. नळाखाली दोन पायऱ्यांचा ओटा झाला. पाणीमंत्री तोवर सहावीत गेला होता, त्याचे मंत्रिपदही सरले होते. पहिलीचे एक पोर ओट्यावर चढून पाणी पिताना त्याने पाहिले आणि माझ्याकडे वळून तो नुसता हसला.

त्या हसण्यात माफी होती की तपासणीचा शेरा, हे मी अजून ठरवलेले नाही.