सुटे ध्रुव गेले कुठे?

चुंबकपट्टी तोडली तर दोन चुंबक मिळतात, सुटा ध्रुव मिळत नाही, हे आपण वर्गात करून दाखवतो. पण सुटा ध्रुव असूच शकत नाही का? १९३१ साली डिरॅक यांनी दाखवले, की विश्वात तो एक जरी असला, तरी विद्युतभार ठरावीक पटींतच का आढळतो याचा उलगडा होतो. आम्हाला हा युक्तिवाद आजही मोहवतो. पुढे १९७४ मध्ये हॉलंडचे ट हूफ्ट व रशियाचे पॉलिकॉव्ह यांना स्वतंत्रपणे आढळले, की काही सिद्धांतांत असे एकध्रुव अटळच आहेत. महाएकीकरण सिद्धांतानुसार ते प्रोटॉनच्या सुमारे १ वर १६ शून्ये इतके पट जड, आणि अतितप्त बालविश्वात जन्मलेले.

१९७९ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी प्रेस्किल याने ते मोजून पाहिले आणि पंचाईत झाली. एकध्रुव इतके निघाले, की त्यांच्या गुरुत्वाकर्षणाने विश्व केव्हाच आकसून गेले असते! ही अडचण सोडवतानाच त्या डिसेंबरात अॅलन गुथ यांना विश्वाच्या अतिवेगवान फुगवट्याची कल्पना सुचली. फुगवट्यात एकध्रुव पार विरळ झाले.

१४ फेब्रुवारी १९८२ रोजी स्टॅनफर्डमध्ये कॅब्रेरा यांच्या अतिवाहक वेटोळ्यातील प्रवाहाने एकदाच, अगदी अपेक्षित तेवढी उडी घेतली. नंतर अधिक मोठी वेटोळी लावली गेली. उडी पुन्हा दिसली नाही.